बडोद्याहून इंजिन रूममध्ये: नौदलात मेकॅनिक होऊ पाहणाऱ्यांसाठी

भरतीची जाहिरात आली की दांडिया बाजार, वाडी, मांजलपूर या भागांतली मुले माझ्याकडे विचारायला येतात. निम्म्या वेळा मुलगा गप्प बसतो आणि आईच बोलते. प्रश्न ठरलेले: परीक्षा कशी असते, हातात किती पडतात, चार वर्षांनी पुढे काय. जहाजाच्या इंजिन रूममध्ये दिवसभर करायचे काय, हे क्वचितच कोणी विचारतो. मी सुरुवात तिथूनच करतो, कारण ते ऐकल्यावर काहींना बाकीचे प्रश्न विचारायची गरजच राहत नाही. मी याच शाखेतून निवृत्त झालो. आमच्या वेळची भरती वेगळी होती, पण खाली पंपाशेजारी उभे राहून करायचे काम फारसे बदललेले नाही.

काम काय असते

इंजिन रूम जहाजाच्या पोटात, बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीखाली असते. खिडकी नसते. समुद्रात राहूनही स्टोकरला कित्येक दिवस समुद्र दिसत नाही. (आमच्या शाखेच्या खलाशाला अजूनही स्टोकरच म्हणतात.) आतले तापमान ४० अंशांच्या वर सहज जाते. कानांवर मफ चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, इतका आवाज असतो. त्यामुळे अर्धे बोलणे हातवाऱ्यांनी होते.

मुख्य इंजिन हा कामाचा एक तुकडा. त्याशिवाय वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरची डिझेल इंजिने, हवेचे कॉम्प्रेसर, एसी आणि शीतगृहाचे प्लांट, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारा आरओ प्लांट, सुकाणू फिरवणारी हायड्रॉलिक यंत्रणा, इंधनातले पाणी आणि गाळ काढणारे प्युरिफायर, आगीचे पंप आणि संडासाच्या सांडपाण्याचा प्लांट, हे सगळे आपल्याच अंगावर. या शेवटच्या नावाला जो नाक मुरडतो त्याने आत्ताच दुसरी वाट धरावी. वाईट वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही. नव्या माणसाच्या वाट्याला आधी असलीच कामे येतात.

जहाज बदलले की यंत्र बदलते. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर वाफेचे आठ बॉयलर आहेत. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेल्या विक्रांतवर चार एलएम २५०० गॅस टर्बाइन आहेत, मिळून ८८ मेगावॉटची ताकद. शिवालिक वर्गाच्या फ्रिगेट या युद्धनौकांवर टर्बाइनही आहेत आणि डिझेलही. कामोर्ता वर्गाची कॉर्व्हेट जहाजे (लहान युद्धनौका) पूर्ण डिझेलवर चालतात आणि त्यांची पीलस्टिक इंजिने आपल्या किर्लोस्करांनी परवान्याखाली बनवलेली आहेत. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत दाखल झालेली आयएनएस सुरत गॅस टर्बाइनवर चालते. तिचा वेग ३० नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरपेक्षा जास्त. बडोद्याच्या प्रत्येक मुलाला सुरतवरच पोस्टिंग हवे असते. पोस्टिंग असे मागून मिळत नाही.

शाखेचेही तसेच. फॉर्म भरताना 'इंजिन रूम' असा पर्याय नसतो. भरती झाल्यावर, प्रशिक्षणाच्या काळात, नौदलाच्या गरजेनुसार शाखा ठरते. मेकॅनिक व्हायला निघालेला मुलगा विजेच्या शाखेत गेला, तर त्याची रवानगी लोणावळ्याच्या इंजिन प्रशिक्षणाऐवजी जामनगरच्या विजेच्या प्रशिक्षण केंद्रात, आयएनएस वलसुराला, होते. घरच्यांना त्यात आनंदच होतो, जामनगर तेवढेच जवळ! पण मुलाने मनाची तयारी दोन्हीची ठेवावी.

पहिली पायरी: कोणता फॉर्म

जून २०२२ मध्ये चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आली. तेव्हापासून इंजिन रूमकडे जाणारा नेहमीचा रस्ता 'अग्निवीर एसएसआर' (सीनियर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीवरची भरती) हा आहे. वय साडेसतरा ते एकवीस. नेमक्या जन्मतारखा प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात, त्या बोट ठेवून वाचा. एक दिवस इकडेतिकडे असला तरी फॉर्म बाद होतो. शिक्षण बारावी, गणित आणि भौतिकशास्त्रासह, किमान ५० टक्के. किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाइल अशा शाखांतला तीन वर्षांचा डिप्लोमा, तोही ५० टक्क्यांनी.

गुजरात बोर्डाच्या मुलांची गाडी इथे अडते. अकरावीला बी ग्रुप घेतला असेल तर गणित नाही, आणि गणित नाही तर एसएसआर नाही. दहावीला असलेल्या मुलाच्या घरात हे आजच बोलून घ्या.

दहावीवर भरला जाणारा 'एमआर'चा फॉर्म वेगळा. त्यातून स्वयंपाकी, वाढपी, स्वच्छता या कामांसाठी भरती होते. 'आधी आत शिरू, मग इंजिनकडे सरकू' असा सल्ला देणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचे ऐकू नका.

डिप्लोमाबद्दल माझे मत सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, तेव्हापासून हाताने काम करणाऱ्या माणसाची या शहराला किंमत आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गेलेल्या मुलाला लोणावळ्यात पहिले काही आठवडे सोपे जातात आणि नौदल सुटल्यावर त्याच्या हातात आणखी एक कागद असतो. पण वयाचा हिशेब आधी करा. डिप्लोमात एखादे वर्ष गेले की एकविसाची रेघ जवळ येते.

मुलीही येतात. २८ मार्च २०२३ रोजी नौदलाच्या चिल्का प्रशिक्षण केंद्रातून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत २७३ मुली होत्या. उमेदवार अविवाहित हवा, आणि चारही वर्षे अविवाहितच राहावे लागते. मुलाची सोयरीक जुळवून ठेवायची घाई असलेल्या आज्यांना हे समजावणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

दुसरी पायरी: परीक्षा

पहिला टप्पा संगणकावरचा. १०० प्रश्न, १०० गुण, एक तास. इंग्रजी, विज्ञान, गणित आणि सामान्य ज्ञान. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. प्रत्येक विभागात वेगळे पास व्हावे लागते, त्यामुळे गणितात उड्या मारून इंग्रजीत बुडालेला मुलगा बाहेर राहतो. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते, मराठी-गुजरातीत नाही. गुजराती माध्यमाच्या मुलांनी विज्ञानातले हिंदी शब्द आधीच डोळ्यांखालून घालावेत. 'घनत्व', 'त्वरण', 'दाब' यांच्यापाशी परीक्षेत अडायला वेळ नसतो.

फॉर्म नौदलाच्या 'जॉइन इंडियन नेव्ही' या सरकारी संकेतस्थळावरच भरायचा. अलीकडच्या जाहिरातींत शुल्क ५५० रुपये अधिक जीएसटी असे आहे. त्यापलीकडे कोणी एक रुपया मागितला, 'आतले माणूस आहे' म्हणाला, तर तिथून उठा.

दुसऱ्या टप्प्यात पुन्हा लेखी, मग धावणे, मग वैद्यकीय.

तिसरी पायरी: शरीर

मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींना आठ मिनिटांत. त्यानंतर मुलांना २० उठाबशा, १५ पुशअप, १५ सिटअप. आकडे वाचून सोपे वाटतात. धावून आल्यावर श्वास लागलेला असताना उठाबशा काढायच्या आहेत, म्हणून सराव त्याच क्रमाने करा. पोलो ग्राउंडची मातीची जमीन कमाटीबागेच्या फरसबंद वाटेपेक्षा गुडघ्यांना चांगली. तीन महिने हाताशी ठेवा. पंधरा दिवसांत वेग वाढवायला गेलेल्यांच्या नडगीत कळ येते आणि ऐन वेळी सगळेच थांबते.

पोहणे. चाचणीत ते नसते, पण प्रशिक्षणात चुकत नाही. पाण्यात उडी मारून पोहून दाखवावेच लागते आणि न येणाऱ्यांना सुट्टीच्या वेळात तलावावर बोलावतात. बडोद्यात महापालिकेचा लालबागचा तरणतलाव आहे, तिथे जा. विश्वामित्रीत शिकायचा विचार मनातही आणू नका, तिथे मगरींचा हक्क आधीचा आहे.

वैद्यकीय तपासणीला जाण्यापूर्वी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, दात साफ करून घ्या. इतक्या साध्या कारणांनी मुले अडकतात. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणे, पायांवरच्या फुगलेल्या शिरा, मूळव्याध, रंग ओळखण्यातली अडचण, या गोष्टी आधीच तपासून ठेवा. रंगाची गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण जहाजावर प्रत्येक नळी रंगावरून ओळखायची असते. गोंदण असेल तर जाहिरातीतले नियम नीट वाचा. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू सोडली तर बहुतेक जागी चालत नाही. नापास केले तर ठरलेल्या मुदतीत अपील करून लष्करी रुग्णालयात पुन्हा तपासणी करून घेता येते. नापास केल्याचा कागद हाती पडला की त्याच दिवशी कामाला लागा.

चौथी पायरी: चिल्का आणि लोणावळा

आयएनएस चिल्का हे ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठी आहे. बडोद्यावरून जाणारी अहमदाबाद-पुरी एक्स्प्रेस खुर्दा रोडला जाते. तळाला बालुगाव स्टेशन जवळचे. कधी आणि कुठे हजर व्हायचे हे पत्रात असतेच, तेच खरे धरा.

पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण १६ आठवड्यांचे होते. कवायत, पीटी, पोहणे, नौदलाच्या चालीरीती, दोरखंड, होडी वल्हवणे. इथे अजून इंजिनचा संबंध नाही. आपल्या घरातल्या मुलाला सगळ्यात जड जाते ते पहाटेचे उठणे आणि दुसऱ्याने आपली पेटी उघडून घडी मोजणे. तिसऱ्या आठवड्यात रडका फोन येतो. आईवडिलांनी तो ऐकून घ्यावा, 'ये परत' म्हणू नये. मनात आले आणि सोडले, असे करता येत नाही. मुदतीपूर्वी स्वतःहून बाहेर पडायला अगदी अपवादानेच परवानगी मिळते.

मग लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेली ही संस्था नौदलाच्या सागरी अभियांत्रिकीचे माहेरघर. ब्रीद 'कर्मसु कौशलम्'. बडोद्याहून पुण्याकडे जाणारी गाडी लोणावळ्यावरूनच जाते, म्हणून पालकांना हे ठिकाण आवडते. पावसाळ्यात मात्र वाळत घातलेली डांगरी (कामाचा पोशाख) चार दिवस वाळत नाही, तेव्हा जादा जोड ठेवा.

इथे आधी बेंच-फिटिंग. कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायचा, व्हर्निअरने मोजायचा, पुन्हा घासायचा. कंटाळवाणे वाटते. पण पुढे जहाजावर पंपाचे कपलिंग सरळ बसवताना फीलर गेजची (बारीक फट मोजायच्या साधनाची) पाती हाताला कळावी लागते, ती सवय इथे लागते. मग डिझेल इंजिन उघडून जोडणे, पंप, झडपा, शीतयंत्रे. याच आवारात आग आणि जहाजात शिरणारे पाणी यांच्याशी झुंजायला शिकवणारी एनबीसीडी शाळाही आहे. खरोखर पेटवलेल्या खोलीत होज घेऊन शिरायचे, फुटलेल्या नळीतून पाणी अंगावर येत असताना लाकडी पाचरी ठोकायच्या. हे प्रशिक्षण मनापासून करा. वर्कशॉपमध्ये कच्चा राहिलेला मुलगा जहाजावर शिकून घेतो, आगीत कच्चा राहिलेल्याला शिकायला वेळ मिळत नाही.

पाचवी पायरी: पहिले जहाज

पहिल्या दिवशी तुमचा ताबा कोणी तरी पेटी ऑफिसर (वरच्या हुद्द्याचा खलाशी) घेतो आणि तुम्हाला खाली पाठवतो. आत शिरल्यावर सगळ्या नळ्या सारख्याच दिसतात. एक जाड वही घ्या आणि एकेक लाइन हाताने चाचपत तिच्या मागे जा: ही कुठून निघते, कोणत्या पंपातून जाते, कोणती झडप बंद केली की काय थांबते. चित्र काढा. दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नका. चित्र तसेच दिसेल, पण अंधारात हाताला झडप सापडणार नाही, आणि दिवे जाण्याची वेळ येते. वॉचकीपिंगच्या (पाळी सांभाळण्याच्या) तोंडी परीक्षेत चीफ नेमके हेच विचारतो: लाइट गेली आहे, बिल्जमध्ये (जहाजाच्या तळाच्या पोकळीत) पाणी चढते आहे, कुठे जाशील?

वॉच म्हणजे पाळी. चार चार तासांच्या: रात्री आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ, याप्रमाणे. संध्याकाळी चार ते आठच्या पाळीचे मात्र दोन दोन तासांचे दोन तुकडे करतात. त्यामुळे पाळ्यांची संख्या विषम होते आणि रोज त्याच माणसाच्या नशिबी बारा ते चार येत नाही. रात्रीची ही बारा ते चारची पाळी सगळ्यांत वाईट. झोपेचे दोन तुकडे होतात आणि सकाळी दिवसाचे काम असतेच.

पाळीत दर तासाला फेरी मारून आकडे लॉगमध्ये लिहायचे: वंगणतेलाचा दाब, थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान, एग्झॉस्टचे तापमान, टाक्यांची पातळी. नवखा आकडा लिहितो आणि पुढे जातो. मुरलेला मागच्या तीन तासांचे आकडे शेजारी ठेवून बघतो. तेलाचा दाब मर्यादेत आहे, पण दर तासाला थोडा थोडा उतरतो आहे. मग फिल्टर तुंबतो आहे, की तेल पातळ होते आहे, की बेअरिंग झिजले? अलार्म वाजायच्या आधी हे ओळखणे, यात या नोकरीचे अर्धे कसब आहे. बाकीचे अर्धे कान, नाक आणि हात. पंपाचा आवाज बदलला, जळक्या रबराचा वास आला, बेअरिंगच्या आवरणाला हाताची मागची बाजू लावल्यावर कालच्यापेक्षा गरम लागले, तर लगेच वरच्याला सांगा. चूक निघाली तरी कोणी ओरडत नाही. न सांगितल्याबद्दल मात्र ओरडतात. फेरी न मारता खुर्चीत बसून मागचेच आकडे पुन्हा उतरवणारा एखादा प्रत्येक जहाजावर असतो. त्याला धूर्त समजू नका. पकडला जातोच, आणि त्यानंतर त्याच्या सहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

साफसफाईचा अतिरेक होतो आहे असे पहिल्या महिन्यात वाटेल. बिल्ज पुसा, नळी पुसा, पुन्हा पुसा. त्यामागे कारण आहे. इंजिन रूममधल्या आगींचे सगळ्यात ओळखीचे मूळ म्हणजे गळणारे इंधन किंवा वंगणतेल तापलेल्या एग्झॉस्टवर उडणे. पुसलेल्या लोखंडावर तेलाचा एक थेंबही दिसतो, मळलेल्यावर वाटीभर सांडले तरी कळत नाही. एग्झॉस्टवरचे उष्णतारोधक आवरण फाटले असेल तर ते 'नंतर बघू'त ढकलू नका. तेलकट चिंध्या कोपऱ्यात टाकू नका.

आणखी दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या. इंजिनच्या आतल्या भागात एखादे बेअरिंग तापून तेलाचे धुके तयार झाले असेल, तर इंजिन थांबवल्या थांबवल्या क्रँककेसचे (इंजिनच्या खालच्या बंद भागाचे) दार उघडायचे नाही. बाहेरची हवा आत गेली की स्फोट होऊ शकतो. थंड व्हायला वेळ द्यायचा. दुसरी, बंद टाकी. बरेच दिवस बंद असलेल्या लोखंडी टाकीत गंज चढता चढता हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि त्या हवेला वास नसतो, रंग नसतो. मोजमाप आणि परवानगी झाल्याशिवाय डोके आत घालायचे नाही. आत कोणी कोसळलेला दिसला तरी श्वासयंत्राशिवाय धावून जायचे नाही, आधी अलार्म. मदतीला उडी घेणारा दुसरा माणूस त्याच हवेत शिरतो.

कपडे सुती डांगरीच. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. अंगठी, साखळी, मनगटातला जाड दोरा पाळीवर काढून ठेवा. आईने बांधला आहे हे मला कळते, फिरणाऱ्या शाफ्टला कळत नाही.

वरच्या मजल्यांवरच्या लोकांना स्टोकरची आठवण दोनदाच होते: एसी बंद पडला की आणि पाणी गेले की. बंदरातले घाण पाणी आरओ प्लांटच्या पडद्याला मारक असल्याने तिथे सहसा तो चालवत नाहीत, समुद्रात गेल्यावर गोडे पाणी बनते, आणि तेही मोजून वापरायचे. आंघोळीच्या नळाला पाणी नसले की सगळे जहाज तुमच्या नावाने बोटे मोडते. मनावर घेऊ नका, पण प्लांट सुरू करायला वेळ लावू नका.

राहण्याची जागा: तीन मजली बंक, एक लहान कपाट, पडदा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की पोट वर येते, बहुतेकांना दोनचार दिवस त्रास होतो. पोट रिकामे ठेवू नका, सुके काही चावत राहा, वॉच सुटली की जहाजाच्या मध्यभागी खालच्या बंकवर पडा. शाकाहारी मुलाचे हाल होतात हा गैरसमज आहे, शाकाहारी जेवण मिळते. चवीबद्दल मी काही बोलणार नाही.

घरच्यांसाठी

समुद्रात फोन लागत नाही. २०१९ च्या अखेरीस नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनवर बंदी घातली, ती हेरगिरीचे प्रकरण उघड झाल्यावर. मुलगा 'कुठे आहेस' याचे उत्तर देत नसेल तर तो काही लपवत नाही, नियम पाळतो आहे. तुम्हीही सोसायटीच्या ग्रुपवर 'आमचा बंटी अमुक तारखेला निघतोय' असे टाकू नका.

अग्निवीराला वर्षाला ३० दिवस रजा. ती गणपतीला मिळेलच असे धरून आरत्या ठरवू नका.

पैसे आणि चार वर्षे

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात आणि ९,००० सेवा निधीत. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. सेवा निधीत सरकार तेवढीच भर घालते. चार वर्षांनी दोन्ही मिळून १० लाखांच्या थोडी वर रक्कम, अधिक व्याज, करमुक्त. ४८ लाखांचा विमा, हप्ता न भरता. या चार वर्षांवर निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. राहणे-खाणे नौदलाचे असल्याने हातातल्या पैशांतून बचत होऊ शकते. मोटारसायकलच्या हप्त्यात ती घालवणारे बरेच पाहिले आहेत.

चार वर्षांनी तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करतात. त्यांना पुढे किमान १५ वर्षे नोकरी, मग लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ, मास्टर चीफ अशी चढण आणि निवृत्तिवेतन. सगळेच मनात धरतात की आपण त्या पंचविसांत. तसे धरावेही, पण हिशेब उरलेल्या पंचाहत्तरांतला करून ठेवावा. दुसऱ्या वर्षीच ठरवा की बाहेर पडलो तर काय.

पर्याय आहेत. तटरक्षक दल, संरक्षण खात्यातली नागरी पदे आणि संरक्षण मंत्रालयाच्या सार्वजनिक कंपन्यांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा जाहीर झाल्या आहेत. निमलष्करी दलांतही त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत. व्यापारी जहाजांवर जायचे असेल तर नौदलाचा अनुभव आपोआप चालत नाही. डीजी शिपिंगच्या (व्यापारी जहाजांच्या सरकारी खात्याच्या) नियमाप्रमाणे इंडोस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) आणि सुरक्षेचे मूलभूत कोर्स लागतात. ते कुठे आणि कसे करायचे याची चौकशी सुट्टीतच करा.

आणि बडोद्यात परतायचे असेल, तर हे शहर इंजिन रूमच्या माणसाला अनोळखी नाही. कोयलीची रिफायनरी, खतांचे कारखाने, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली लहानमोठी युनिट्स, सगळीकडे 'युटिलिटी' नावाचा विभाग असतो आणि तिथे कॉम्प्रेसर, चिलर, पंप, डिझेल जनरेटर, बॉयलर हेच असते. बॉयलरवर काम करायचे तर राज्याच्या बॉयलर खात्याची अटेंडंटची परीक्षा वेगळी द्यावी लागते. तिच्या पात्रतेच्या अटी परत आल्यावर नव्हे, नोकरीत असतानाच बघून ठेवा. म्हणजे अनुभवाचा कोणता दाखला कोणाच्या सहीने लागेल ते कळेल, आणि सही करणारा अधिकारी बदलून जायच्या आत घेता येईल.

मुलाखतीला गेल्यावर 'नौदलात स्टोकर होतो' एवढेच सांगितले तर कारखान्यातल्या एचआरच्या मुलीला काही बोध होत नाही. अर्जात यंत्रांची भाषा लिहा: डिझेल जनरेटर चालवणे आणि तासांप्रमाणे देखभाल, उच्च दाबाचे एअर कॉम्प्रेसर, सेंट्रिफ्यूगल पंप उघडून बेअरिंग आणि सील बदलणे, शीतयंत्रात गॅस भरणे, आरओ प्लांट, अग्निशमनाचे प्रशिक्षण. प्रत्येकापुढे किती काळ केले ते लिहा. यंत्राचा प्रकार लिहिला तर चालतो. जहाजाचा वेग, शस्त्रे, फिरलेले मार्ग यांतले काहीही त्यात येऊ देऊ नका, मुलाखत घेणाऱ्याने कितीही कौतुकाने विचारले तरी.